बकऱ्याच्या लहान मेंदूची स्लाइड: घरच्या टेबलावर पुर्किंजे पेशी कशी शोधायची

दुकानातल्या मामांना मी पहिल्यांदा म्हटलं, "भेजा अख्खा हवा, मागच्या लहान गोळ्यासकट," तेव्हा त्यांचा सत्तूर हवेतच थांबला. "फ्राय करायचाय ना ताई? मग दोन तुकडे झाले तर काय बिघडतं?"

बिघडतं. मुंडी फोडताना घाव मधोमध पडतो. मला हवा असलेला तुकडा त्यात नुसता कापला जात नाही, चेंगरतो, किंवा कवटीच्या मागच्या खोबणीत तसाच राहून जातो. तो तुकडा म्हणजे अनुमस्तिष्क. सुपारीपेक्षा मोठा, लिंबापेक्षा लहान, वरून बारीक बारीक सुरकुत्या पडलेला. बोली भाषेत लहान मेंदू.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. यूजीसीच्या सूचनांनंतर विच्छेदनं बंद झाली आणि मुलांना मेंदू फक्त प्लॅस्टिकच्या मॉडेलमध्ये दिसू लागला. मटणाच्या दुकानातला भेजा मात्र कुणी आपल्यासाठी मारलेल्या प्राण्याचा नसतो, तो एरवी कढईतच जाणार असतो. म्हणून हा उद्योग मी आधी घरी करून पाहिला आणि मग हौशी मुलांना शिकवला. कॉलेजात करायचा असेल तर विभागप्रमुखांना विचारूनच करा. घरी करायचा असेल तर घरच्यांना विचारा, ती परवानगी जास्त अवघड असते.

हाच तुकडा का

मोठ्या मेंदूच्या सालीत पेशींचे सहा थर असतात, पण साध्या रंगाने ते एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि नवख्याला काहीच ओळखू येत नाही. अनुमस्तिष्कात तीनच थर, आणि तेही दुरंगी साडीच्या काठासारखे स्वच्छ. बाहेर फिकट थर, आत गर्द ठिपक्यांचा थर, आणि दोघांच्या बरोबर सीमेवर मोठ्या पेशींची एकेरी रांग. त्याच पुर्किंजे पेशी. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किंजे यांनी १८३७ साली प्रागच्या सभेत त्यांचं वर्णन केलं. बोटांच्या ठशांचे नऊ प्रकार पाडून दाखवणारे पुर्किंजे तेच. आजच्यासारखे रंग हाताशी नसताना त्यांना ही रांग दिसली, तर तुमच्याकडे अंबाल्यात बनलेला, विद्यार्थ्यांसाठीचा साधा मायक्रोस्कोप असताना ती दिसायलाच हवी.

आतल्या ठिपक्यांचं प्रकरणही मजेशीर आहे. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी माणसाचा मेंदू द्रावणात घोटून त्याचं अक्षरशः सार केलं आणि त्यातली केंद्रकं मोजली. २००९ साली छापलेल्या त्या हिशेबात एकूण चेतापेशी निघाल्या सुमारे ८,६०० कोटी, आणि त्यातल्या सुमारे ६,९०० कोटी एकट्या अनुमस्तिष्कात. वजनाने मेंदूच्या दहाव्या हिश्श्याइतका हा भाग, पण जनगणनेत बाकीच्यांना मागे टाकतो. ते ठिपके म्हणजे या पेशींची केंद्रकं.

सामान

आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिस्टकडे मिळतं, ९९ टक्क्यांचं अर्धा लिटर घ्या. सर्जिकल स्पिरिटमध्ये पाणी असतं, त्याने तुकडा हवा तेवढा कडक होत नाही. रंगासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही. माशांच्या बुरशीवर टाकतात ते निळं औषध, मिथिलीन ब्लू, मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. शिवाय चायना ग्रास, ग्लिसरीन, पांढरं व्हिनेगर, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, दाढीची नवी पाती, दोन नंबरचा चित्रकलेचा ब्रश, बिनरंगी नेलपॉलिश आणि हातमोजे. काचपट्ट्या आणि कव्हरस्लिप ऑनलाइन मिळतात, नाहीतर मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटला एक फेरी. भांडी, सुरी, ताटली वेगळी ठेवा. ती परत स्वयंपाकात न्यायची नाहीत.

फॉर्मॅलिनने तुकडा जास्त चांगला टिकतो, यात वाद नाही. पण त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते आणि तो कर्करोगकारक पदार्थांत मोडतो. तो वाफ ओढणाऱ्या कपाटाखाली, कॉलेजातच वापरावा. अल्कोहोल काही दुय्यम तडजोड नाही. जर्मन डॉक्टर फ्रान्झ निसल यांची चेतापेशी रंगवण्याची जी पद्धत पुढे जगभर गेली, तिची सुरुवात अल्कोहोलमध्ये कडक केलेल्या मेंदूपासूनच झाली.

खरेदी

या कामात सगळ्यात जास्त स्लाइडी इथे वाया जातात, म्हणून जरा थांबून सांगते.

मेंदू सगळ्या अवयवांत लवकर बिघडतो आणि अनुमस्तिष्कातला कणीय थर, म्हणजे ठिपक्यांचा थर, त्यातही आधी. माझा पहिला प्रयत्न मे महिन्यातला. भेजा पिशवीत टाकला, घोडबंदर रोडला बसमध्ये बसले आणि कापूरबावडीपासून ट्रॅफिकने जे धरलं ते दीड तास सोडलं नाही. पुढची सगळी मेहनत नीट केली, रंग छान चढला, आणि मायक्रोस्कोपखाली ठिपक्यांच्या जागी रिकामा, धुरकट पट्टा. आठवडाभर मी रंगाला दोष देत होते. दोष बसमधल्या दीड तासाचा होता.

तेव्हा सकाळी दुकान उघडतानाच जा, आदल्या दिवशी सांगून ठेवा. रविवारी मामांना बोलायला फुरसत नसते, मधला वार बरा. गटारीच्या आसपास तर नावच काढू नका, आणि श्रावण लागला की मुंडी सहज मिळते पण बकराच रोज कापला जाईल याची खात्री नसते. मुंडीची कवटी बाजूने, कानाच्या वरच्या रेषेत हळूहळू फोडून द्यायला सांगा. भेजा बाहेर काढताना मागचा सुरकुतलेला गोळा देठासकट आला की नाही, ते तिथेच बघा. सोबत बर्फाचा डबा न्या. भेजा प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी बर्फावर. फ्रीझरमध्ये मात्र कधीही नाही: आत पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशींच्या जागी जाळी उरते. दुकान ते अल्कोहोल हे अंतर तासाभरात संपवायचं.

त्याच दिवशी करायची स्लाइड

घरी आल्यावर अनुमस्तिष्क बाकी मेंदूपासून सोडवा. खाली देठाला तीन जोड्यांचे पांढरे दोर असतात, ते पात्याने कापले की गोळा सुटा होतो. वरचा पातळ, रक्तवाहिन्यांचा पडदा जमेल तेवढा चिमट्याने सोला.

आता सुरकुत्यांच्या पृष्ठभागावरून तांदळाच्या दाण्याएवढा राखाडी कण उचला. तो काचपट्टीच्या एका टोकाला ठेवा, दुसरी काचपट्टी त्यावर सपाट दाबा आणि ओढून पसरवा. सुकू न देता पट्टी दहा मिनिटं अल्कोहोलमध्ये बुडवा. नंतर रंगाचे दोन थेंब, दोन-तीन मिनिटं, पाण्याने हलकेच धुणं, वर कव्हरस्लिप.

दहाच्या (१०x) भिंगाने फिरवत राहा. आधी फक्त हजारो निळे ठिपके दिसतील. धीर सोडू नका. कुठेतरी ठिपक्यांच्या गर्दीत पाचपट मोठा, सुरईसारखा आकार दिसेल: आत फिकट, गोल केंद्रक आणि केंद्रकात टाचणीच्या टोकाएवढी गर्द केंद्रकी. सुरईच्या तोंडातून एखादी जाड फांदी निघालेली. ही पहिली पुर्किंजे पेशी. एका पट्टीवर चार-पाच सापडल्या तरी भरपूर.

एक फसगत सांगून ठेवते. निळ्या ठिपक्यांमध्ये अगदी बारीक, पिवळट चकत्या दिसतात. मुलं त्यांना कणीय पेशी समजतात. त्या रक्तपेशी. बकऱ्याच्या रक्तपेशी आपल्यापेक्षा निम्म्याहूनही लहान, तीन-चार मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, त्यांत केंद्रक नसतं आणि निळा रंग त्या नीट घेत नाहीत.

या पसरवलेल्या स्लाइडीत पेशी दिसतात, पण शेजार मोडलेला असतो. कोण कुणाच्या वर, कोण कुणाच्या बाजूला, हे बघायचं तर पातळ काप हवा.

कडक करणं

गोळा मधोमध, पुढून मागे असा उभा कापा. कापलेल्या तोंडावर पांढरं झाड दिसेल: मधे खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि प्रत्येक डहाळीभोवती राखाडी साल. कोबीचा गड्डा उभा चिरल्यावर दिसतो तसा. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी याला जीवनवृक्षच म्हटलं आहे. चष्मा पुसून दोन मिनिटं नुसतं बघा, मायक्रोस्कोपखाली हरवलात की हेच चित्र वाट दाखवतं.

या तोंडालगतच्या पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्या काढा, त्याहून जाड नको, आतपर्यंत अल्कोहोल पोचत नाही. पहिली रात्र ७० टक्के अल्कोहोलमध्ये, म्हणजे ७० मिली अल्कोहोल आणि ३० मिली पाणी. नंतर दोन दिवस ९९ टक्क्यांत, मधे एकदा बदलून. तुकड्याच्या निदान पंधरापट द्रव असू द्या आणि तळाशी कापूस ठेवा, म्हणजे खालचं तोंडही भिजतं. तिसऱ्या दिवशी चकती शिजलेल्या पनीरसारखी घट्ट लागते. बरणीचं झाकण घट्ट, आणि बरणी गॅसच्या शेगडीपासून लांब. हे द्रव पेट घेतं.

दिशा

आता सगळ्यात महत्त्वाचं. काप कुठल्या दिशेने घेता, त्यावर तुम्हाला काय दिसणार ते ठरतं. बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

ठाणे स्टेशनच्या पादचारी पुलावर उभं राहा आणि कळव्याच्या दिशेला रुळांवर नजर टाका. लोकलच्या तारा पेलणाऱ्या लोखंडी कमानी एकामागे एक समोरून दिसतात, प्रत्येकीची पूर्ण रुंदी दिसते, आणि तारा तुमच्याकडे सरळ येत असल्याने त्या जवळजवळ ठिपक्यासारख्या. आता फलाटावर उतरून कमानीकडे बाजूने बघा. कमान म्हणजे एक खांब उरतो आणि तारा मात्र लांबच लांब.

पुर्किंजे पेशीच्या वृक्षिका, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्या, अशाच एका पातळीत पसरलेल्या असतात, पुस्तकात दाबून ठेवलेल्या पिंपळपानासारख्या चपट्या. ती कमान. खालच्या कणीय पेशींचे अक्षतंतू, म्हणजे संदेश पुढे नेणारे धागे, वर चढतात, इंग्रजी टी अक्षरासारखे दोन्हीकडे फुटतात आणि सुरकुतीच्या लांबीला धरून, कमानींना काटकोनात, त्यांच्या फांद्यांतून आरपार जातात. त्या तारा. एका पुर्किंजे पेशीवर अशा तारांच्या लाखाहून जास्त जोडण्या होतात. आणि खालून मेंदूच्या देठातून येणारा, वेलीसारखा अंगावर चढणारा तंतू मात्र प्रौढ प्राण्यात प्रत्येकीला साधारण एकच.

अनुमस्तिष्काच्या मधल्या पट्ट्यात सुरकुत्या डावी-उजवीकडे जातात. म्हणून पुढून मागे उभा काप घेतला की कमान समोरून दिसते. डावी-उजवीकडे काप घेतला की खांब. मिथिलीन ब्लूने फांद्यांची फक्त सुरुवात रंगते, पण तेवढ्यावरूनही फरक कळतो: पहिल्या कापात सुरईच्या तोंडातून दोन फांद्या फुटताना दिसतात, दुसऱ्यात एकच कांडी.

कापणं

चकती पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा आणि टिपकागदावर टिपा. १०० मिली पाण्यात ४ ते ५ ग्रॅम चायना ग्रास उकळून पूर्ण विरघळवा. खरवसापेक्षा घट्ट लागायला हवं. हे करताना अल्कोहोलची बरणी दुसऱ्या खोलीत. भांडं हाताला सोसवेल इतकं निवलं की औषधाच्या झाकणात किंवा बर्फाच्या ट्रेच्या खणात ओता आणि चकती मधलं तोंड वर करून बुडवा. अर्ध्या तासात ठोकळा तयार.

पातं अल्कोहोलने ओलं ठेवा. दाबायचं नाही, ओढायचं, विळीवर कोथिंबीर चिरताना जसा हात सरकतो तसा. पहिले वीस काप फेकायचेच असतात. हाताने अखंड पातळ काप निघणं दुर्मीळ, पण ते लागतही नाही. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे निमुळता होत गेलेला काप घ्या. त्या निमुळत्या कडेलाच पेशी दिसतात. काप ब्रशने उचलून पाण्याच्या वाटीत सोडा. कॉलेजात मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप काढायचं यंत्र, असेल तर मेणात बसवून दहा मायक्रॉनचे काप घ्या, त्याची सर हाताला येणार नाही.

रंग

मत्स्यालयाचं औषध फार दाट असतं. वाटीच्या तळाशी ठेवलेलं नाणं अंधुक दिसेल इतकं पाणी घाला आणि व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका. किंचित आंबट द्रावणात रंग मुख्यतः पेशीतल्या आरएनए-डीएनएला धरतो, इतरत्र कमी सांडतो.

कापाभोवतीचं चायना ग्रास आधी काढून टाका. मी हे दोन वर्षं करत नव्हते. चायना ग्रास स्वतःच हा रंग अधाशासारखा पितो आणि सगळी स्लाइड जांभळट होते.

काप तीन मिनिटं रंगात, मग पाण्यात. आता तो सगळीकडून निळा कोळसा झालेला असेल. ७० टक्के अल्कोहोलमध्ये व्हिनेगरचे काही थेंब घालून त्यात काप हलवा. इथे घड्याळ नाही, डोळा लागतो. मधलं पांढरं झाड निळ्याचं फिकट होत जातं आणि त्याच्याभोवतीची गर्द रेघ टिकून राहते. ती रेघ उठून दिसली की लगेच पाण्यात. दहा सेकंदही पुरतात, कधी मिनिट लागतं. जास्त उतरला तर परत रंगात टाकता येतो. ग्लिसरीनचा थेंब, कव्हरस्लिप, कडेला नेलपॉलिश.

रंग ओट्यावर सांडला तर लगेच अल्कोहोलने पुसा. आमच्या ओट्यावर एक निळा डाग आहे आणि सासूबाई पाहुण्यांना तो माझी पीएचडी म्हणून दाखवतात. मी पीएचडी केलेली नाही.

बघणं

चारच्या भिंगाखाली सुरकुत्या बोटांसारख्या दिसतील. प्रत्येक बोटाच्या मधे फिकट पांढरा दांडा, त्याभोवती गर्द निळा थर, त्याबाहेर जवळजवळ बिनरंगी थर. दहाच्या भिंगाने गर्द आणि फिकट यांच्या सीमेवरून चालत जा, रस्ता सोडू नका. रांगेतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे अंतर असतं. काहींभोवती पांढरी पोकळी दिसेल. ती पेशी आकसल्यामुळे झालेली आहे, जिवंतपणी नसते.

चाळीसच्या भिंगाखाली एक पेशी निवडा आणि फोकसची कळ हळू मागेपुढे करा. जाड कापाचा हा एक फायदा, पेशी खोलीतही दिसते. तिच्या अंगावर निळे पुंजके दिसतात. ते निसलचे कण, म्हणजे प्रथिनं तयार करणाऱ्या रायबोसोमची दाटी. शेजारी लहान केंद्रकं चिकटलेली असतात, ती बहुतेक बर्गमन पेशींची, आधार देणाऱ्या. आता नजर आत, कणीय थराकडे वळवा. ठिपक्यांची गर्दी अखंड नाही, मधेमधे फिकट चौक आहेत. बाहेरून येणारे शेवाळी तंतू कणीय पेशींना भेटतात ते हे चौक. कितीतरी विद्यार्थी त्यांना रंग न चढलेली जागा समजून पुढे जातात.

बाहेरच्या फिकट थरात ठिपके तुरळक. तिथे मुख्यतः तारा आणि फांद्याच आहेत आणि आपला रंग त्यांना धरत नाही. तुरळक ठिपक्यांतल्या काही टोपली पेशी असतात, त्यांचे तंतू पुर्किंजे पेशीच्या अंगाभोवती विणल्यासारखे वेढतात. या रंगाने ते वेटोळं दिसत नाही. त्यासाठी कामिल्लो गॉल्जी यांची १८७३ सालची काळी पद्धत लागते: पोटॅशियम डायक्रोमेट, मग सिल्व्हर नायट्रेट. तिने शेकड्यातल्या मोजक्या पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या शेंड्यापर्यंत काळ्याभोर. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी १८८८ साली पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कावर हीच पद्धत वापरून चेतापेशी सुट्या सुट्या असतात हे दाखवलं. गॉल्जी ते कधी मानले नाहीत. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. डायक्रोमेट विषारी आहे, घरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

आकार मोजायचा तर पारदर्शक फूटपट्टी दहाच्या भिंगाखाली ठेवा. माझ्या मायक्रोस्कोपात वर्तुळाचा व्यास १.८ मिलिमीटर भरतो. चाळीसच्या भिंगाला तो चौथा हिस्सा, म्हणजे ४५० मायक्रॉन. पेशी व्यासाच्या पंधराव्या भागाएवढी दिसली, तर ती ३० मायक्रॉनची. अल्कोहोलने आकसल्यामुळे खरी याहून थोडी मोठी.

लेबल

ग्लिसरीनमधला निळा रंग काही दिवसांत पसरतो, त्यामुळे मोबाइल नेत्रिकेला टेकवून फोटो त्याच दिवशी काढा. पावसाळ्यात स्लाइडच्या डब्यात सिलिका जेल ठेवा, भिंगांच्या डब्यातही. ठाण्याच्या जुलैत भिंगावर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

प्रत्येक पट्टीवर तारीख, दुकान ते अल्कोहोल किती मिनिटं, आणि कापाची दिशा दाखवणारा बाण. बाण नंतर घालू म्हटलं की राहतो. माझ्या डब्यात अशा तीन बिनबाणाच्या स्लाइडी आहेत. त्या मी मुलांना ओळखायला देते. जिथे पुर्किंजेची रांग बोटाच्या टोकाला वळसा घालून परत येते, तो पुढून मागे घेतलेला काप. जिथे रांग सुरकुतीच्या लांबीने रुळासारखी सरळ निघून जाते, तो आडवा. तिसऱ्या स्लाइडीत रांगच नाही, निळ्या ठिपक्यांची बेटं आहेत फिकट समुद्रात. तो काप तिरपा गेला होता, आणि त्या दिवशी पातंही बोथट होतं.